ओबामाकेअरची लढाई का संपत नाही

२०२५ च्या १ ऑक्टोबरला, खर्चाला संसदेची मंजुरी न मिळाल्याने, अमेरिकेचं केंद्र सरकार बंद पडलं ते थेट १२ नोव्हेंबरला उघडलं. ४३ दिवस. तोवरच्या इतिहासातलं सर्वांत लांबलेलं शटडाऊन. विमानवाहतूक सांभाळणारे नियंत्रक बिनपगारी राबत होते, गरीब घरांना किराण्यासाठी मिळणारी सरकारी मदत नोव्हेंबरात अडकली, आणि हे सगळं मुख्यतः एका मुद्द्यावरून: आरोग्य विम्याच्या हप्त्यावर २०२१ पासून मिळणारी वाढीव सबसिडी पुढे चालू ठेवायची की नाही. डेमोक्रॅट म्हणत होते, आधी सबसिडीचं बोला. रिपब्लिकन म्हणत होते, आधी सरकार उघडा, मग बघू. शेवटी सरकार उघडलं आणि सबसिडी वर्षअखेरीला संपली.

ज्या कायद्यावरून हे झालं, ज्याला ओबामाकेअर म्हणतात, त्यावर बराक ओबामांनी २३ मार्च २०१० रोजी सही केली होती. पंधरा वर्षं उलटून गेली. त्याविरुद्धचे मोठे खटले तीनदा सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आले, तो रद्द करण्यासाठी प्रतिनिधीगृहात कितीतरी वेळा मतदान झालं, सत्ता इकडची तिकडे आणि पुन्हा इकडे झाली, तरी भांडण जिथल्या तिथे आहे. अमेरिकेचं राजकारण दुभंगलंय, दोन पक्ष एकमेकांचं तोंड पाहायला तयार नाहीत, असं त्याचं कारण सहसा सांगितलं जातं. ते खरं आहे, पण अपुरं आहे. मला खरं कारण कायद्याच्या जन्मातच दिसतं. विमा कोणाला मिळावा हा प्रश्न या कायद्याने हिमतीने हाताळला. उपचाराची किंमत किती असावी आणि ती कोणी ठरवावी, या प्रश्नाला त्याने जाणूनबुजून हात लावला नाही. लावला असता तर कायदा मंजूरच झाला नसता असं त्याचे कर्ते सांगतात, आणि त्यांचं म्हणणं बहुधा बरोबर आहे. पण तेव्हा जे टाळलं तेच दर काही वर्षांनी सबसिडीच्या रूपाने दारात येऊन उभं राहतं.

अमेरिकेत आरोग्य विमा नोकरीला चिकटला तो कोणी विचारपूर्वक ठरवलं म्हणून नव्हे. दुसऱ्या महायुद्धात सरकारने पगारवाढीवर बंधन घातलं. तरुण सैन्यात गेलेले, कारखान्यांना माणसं तर हवीत. मग कंपन्यांनी पगाराऐवजी विमा देऊ केला. मालकाने भरलेल्या हप्त्यावर कामगाराला आयकर लागणार नाही हे १९५४ च्या करकायद्यात पक्कं झालं, आणि युद्धकाळातली एक तात्पुरती सोय देशाची व्यवस्था होऊन बसली. अध्यक्ष हॅरी ट्रूमन यांनी १९४५ मध्येच सगळ्या देशासाठी राष्ट्रीय विम्याची योजना मांडली होती. डॉक्टरांच्या संघटनेने, म्हणजे अमेरिकन मेडिकल असोसिएशनने, ती समाजवादी असल्याचा गिल्ला करून मोठी मोहीम उघडली. शीतयुद्धाला तोंड लागलं होतं. असा शिक्का बसल्यावर योजना टिकणं शक्यच नव्हतं. पुढे १९६५ मध्ये लिंडन जॉन्सन यांनी पासष्टीच्या पुढच्यांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड आणलं. सही करायला ते मुद्दाम मिसुरी राज्यातल्या इंडिपेन्डन्सला, ट्रूमन यांच्या गावी गेले, आणि मेडिकेअरचं पहिलं कार्ड त्या म्हाताऱ्या माजी अध्यक्षांना दिलं.

उरली ती मधली माणसं. ज्यांचं वय पासष्ट झालेलं नाही, जी कागदोपत्री पुरेशी गरीब नाहीत, आणि ज्यांच्या नोकरीत विमा नाही: टॅक्सीवाले, शेतकरी, छोटे दुकानदार, हॉटेलांत वाढपी म्हणून राबणारे, नुकतीच नोकरी गेलेले. त्यांच्यासाठी निक्सन यांनी १९७४ मध्ये प्रयत्न केला, क्लिंटन दांपत्याने १९९३-९४ मध्ये केला. दोन्ही बुडाले. क्लिंटन यांची योजना बुडवण्यात विमा कंपन्यांच्या संघटनेने चालवलेल्या टीव्ही जाहिरातींचा मोठा हात होता. हॅरी आणि लुईस नावाचं मध्यमवर्गीय जोडपं घरी बसून सरकारी योजनेची काळजी करतंय, एवढंच त्या जाहिरातींत असायचं, आणि तेवढं पुरलं. ओबामांच्या माणसांनी यातून धडा घेतला तो असा की या मंडळींना बाहेर ठेवलं तर ती योजना मारतात, तेव्हा यावेळी त्यांना आत घेऊन बसवायचं. पुढचं बरंचसं या एका धड्यातून घडलं.

कायद्याची गरज काय होती हे ज्याला समजून घ्यायचंय त्याने १६ जून २००९ रोजी प्रतिनिधीगृहाच्या एका उपसमितीत झालेली सुनावणी पाहावी. विषय एका रीतसर धंद्याचा होता. माणसाला पॉलिसी विकायची, हप्ते घेत राहायचे, आणि मोठा क्लेम आला की जुना अर्ज उकरून काढून, त्यात एखादी गोष्ट लिहायची राहिली म्हणून पॉलिसी पहिल्या दिवसापासूनच रद्द ठरवायची. तीन बड्या कंपन्यांनी पाच वर्षांत मिळून सुमारे २० हजार पॉलिसी अशा रद्द केल्या होत्या आणि सुमारे ३० कोटी डॉलरचे क्लेम वाचवले होते. टेक्सासमधल्या एक निवृत्त नर्सबाई साक्षीला आल्या होत्या. स्तनांच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया तोंडावर आलेली असताना त्यांची पॉलिसी रद्द झाली. कारण काय, तर मुरुमांसाठी त्वचारोगतज्ज्ञाकडे गेल्याचं त्यांनी अर्जात लिहिलं नव्हतं. खटपटी करून पॉलिसी परत मिळेपर्यंत गाठ दुपटीहून मोठी झाली. उपसमितीचे अध्यक्ष बार्ट स्टुपाक यांनी तिन्ही कंपन्यांच्या वरिष्ठांना एकेक करून विचारलं: माणसाने जाणूनबुजून फसवणूक केलेली नसेल तर यापुढे त्याची पॉलिसी रद्द करणार नाही, असं वचन देता का? तिघांनीही नाही म्हटलं. सगळ्या देशासमोर.

मला यात सर्वांत अस्वस्थ करतं ते हे की बहुतेक राज्यांत त्यांचं वागणं कायद्याला धरून होतं. आजारी माणूस म्हणजे तोटा असा ज्या बाजाराचा हिशेब आहे, तिथे अर्जांची छाननी करणारा कारकूनही त्याच हिशेबाने काम करणार. गरोदरपण हासुद्धा तिथे आधीपासूनचा आजार धरला जायचा.

अमेरिकेतल्या मराठी घरांना हे वेगळ्या बाजूने माहीत होतं. ग्रीन कार्डवर मुलांकडे राहायला गेलेल्या आई-वडिलांना मेडिकेअर घेण्यासाठी पाच वर्षं थांबावं लागतं. मधल्या काळात सत्तरीचे, मधुमेह आणि रक्तदाब असलेले आजोबा कोणत्या विम्यात बसणार? २०१४ पूर्वी बहुतेकांना मिळायचा तो प्रवाशांचा विमा, आणि त्यात नेमका जुना आजारच वगळलेला. मग वर्षाच्या गोळ्या पुण्याहून बॅगेत भरून न्यायच्या, छातीत दुखलं तर आधी भारतातल्या डॉक्टरांना फोन लावायचा, इमर्जन्सीत नेलं तर बिल किती येईल या भीतीने रात्र काढायची. एडिसन किंवा फ्रीमॉन्टमध्ये ज्यांचे नातेवाईक आहेत त्यांना हे नवं नाही. ओबामांच्या कायद्यानंतर अशा कायदेशीर रहिवाशांना, कोणता आजार आहे हे न विचारता, सरकारने उभ्या केलेल्या विमाबाजारात पॉलिसी घेता येऊ लागली. आयटीतली नोकरी गेली की पगाराबरोबर विमाही जातो, आणि जुन्याच विम्याचा पूर्ण हप्ता खिशातून भरून तो काही महिने टिकवावा लागतो. त्या घरांनाही दुसरी वाट मिळाली. म्हणून या कायद्याला नावं ठेवण्याआधी तो कोणाच्या उपयोगी पडला हे स्पष्ट सांगणं मला आवश्यक वाटतं.

कायद्याची मूळ रचना तिपाईसारखी होती. पहिला पाय: आजार आहे म्हणून कोणालाही विमा नाकारायचा नाही, हप्ताही वाढवायचा नाही. पण एवढंच केलं तर धडधाकट माणूस म्हणेल, मी आजारी पडलो की घेईन विमा. मग विम्यात फक्त आजारी माणसं उरतात आणि हप्ता भडकतो. ही कल्पनेतली भीती नव्हती. न्यूयॉर्क राज्याने १९९३ मध्ये नेमकं एवढंच केलं होतं आणि तिथला वैयक्तिक विमा सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर गेला. म्हणून दुसरा पाय: प्रत्येकाने विमा घेतलाच पाहिजे, नाही तर दंड (हा दंड २०१९ पासून शून्य झाला). आणि घेतलाच पाहिजे म्हणायचं तर परवडला पाहिजे, म्हणून तिसरा पाय: उत्पन्न बघून सबसिडी. याला जोड म्हणून गरिबांसाठी मेडिकेडचा विस्तार.

गंमत नव्हे, दुःखाची गोष्ट अशी की विमा सक्तीची ही कल्पना डाव्यांची नव्हतीच. हेरिटेज फाउंडेशन या उजव्या विचारसंस्थेने ती १९८९ मध्ये मांडली होती, आणि मॅसॅच्युसेट्समध्ये २००६ साली ती अमलात आणली ती मिट रॉम्नी या रिपब्लिकन गव्हर्नरांनी. ओबामांनी समोरच्या पक्षाचीच योजना उचलून समोर ठेवली, तेव्हा तरी मतं मिळतील अशी आशा होती. अंतिम मतदानात एकाही रिपब्लिकन खासदाराने तिला मत दिलं नाही. दोन्ही सभागृहांत, एकानेही नाही.

२००९ च्या उन्हाळ्यात काय घडलं ते नीट बघायला हवं, कारण माझा सगळा आक्षेप तिथे आहे. जूनमध्ये औषध कंपन्यांच्या संघटनेने व्हाइट हाऊसशी समझोता केला: दहा वर्षांत ८० अब्ज डॉलरची सूट आम्ही देऊ. बदल्यात मेडिकेअरने औषधांच्या किमतींवर घासाघीस करायची नाही, ही आधीपासूनची बंदी तशीच ठेवायची. ती बंदी आली कुठून? २००३ च्या कायद्यातून. तो कायदा प्रतिनिधीगृहातून पुढे नेणाऱ्यांत बिली टॉझिन हे समितीचे अध्यक्ष होते, आणि २००५ पासून हेच टॉझिन औषध कंपन्यांच्या संघटनेचे प्रमुख झाले होते. २००९ चा समझोता त्यांनीच केला. जुलैमध्ये रुग्णालयांच्या संघटनांनी १५५ अब्ज डॉलरचा असाच समझोता केला. आकडे ऐकायला मोठे वाटतात. पण त्याच वर्षी अमेरिकेचा आरोग्यावरचा एकूण खर्च सुमारे अडीच हजार अब्ज डॉलर होता, आणि हे समझोते दहा वर्षांचे होते. पंचवीस हजार अब्जांहून मोठ्या व्यवहारात एवढं सोडून देऊन त्यांनी आपले दर वाचवले, आणि वर कोट्यवधी नवे विमाधारक गिऱ्हाईक म्हणून मिळवले.

त्याच जूनमध्ये एका मराठी नावाभोवती वॉशिंग्टनमध्ये चर्चा चालली होती. डॉ. अतुल गावंडे. वडील आत्माराम गावंडे यवतमाळ जिल्ह्यातल्या उटीचे, अमेरिकेत ओहायो राज्यातल्या अथेन्स गावात सर्जन झाले. मुलगा बॉस्टनला सर्जन आणि लेखक. न्यूयॉर्कर साप्ताहिकाच्या १ जून २००९ च्या अंकात त्यांचा टेक्सासच्या सीमेवरच्या मॅकॲलन गावावर लेख आला. २००६ मध्ये मेडिकेअर तिथे माणशी सुमारे १५ हजार डॉलर खर्च करत होतं, देशाच्या सरासरीच्या जवळपास दुप्पट. तशाच वस्तीच्या एल पासोमध्ये त्याच्या निम्मे. मॅकॲलनची माणसं जास्त आजारी नव्हती आणि जास्त बरीही होत नव्हती. तिथे तपासण्या जास्त होत होत्या, शस्त्रक्रिया जास्त होत होत्या, कारण प्रत्येक गोष्टीचे वेगळे पैसे मिळत होते. ओबामांनी तो लेख व्हाइट हाऊसमध्ये सगळ्यांना वाचायला लावला.

लेख उत्तम आहे, आणि त्यातला मुद्दा खराही आहे. पण धोरण आखणाऱ्यांनी त्यातून सोयीचा अर्थ घेतला. अनावश्यक तपासण्या कमी करा, उधळपट्टी थांबवा, यात कोणाचा विरोध असणार? कोणाच्याही दराला त्याने धक्का लागत नाही. त्या लेखात कमी खर्चाचा नमुना म्हणून कोलोरॅडोच्या ग्रँड जंक्शनचं नाव होतं, आणि ऑगस्टमध्ये ओबामा तिथे जाऊन सभाही घेऊन आले. २०१५ मध्ये संशोधकांनी मेडिकेअरऐवजी खासगी विम्याचे आकडे तपासले तेव्हा हेच ग्रँड जंक्शन खासगी विमाधारकांसाठी देशातल्या सर्वांत महाग गावांपैकी एक निघालं. असं का? मेडिकेअरचे दर सरकार ठरवतं. तिथे फरक पडतो तो किती उपचार झाले याचा. खासगी विम्यात दर रुग्णालय आणि विमा कंपनी यांच्या सौद्यात ठरतो, आणि गावात रुग्णालय एकच दणकट असेल तर विमा कंपनीला म्हणेल तो दर द्यावा लागतो. रँड या संशोधन संस्थेच्या पाहण्यांत वारंवार दिसलंय की त्याच उपचारांसाठी खासगी विमा रुग्णालयाला मेडिकेअरच्या दुपटीहून जास्त पैसे देतो. गुडघा तोच, शस्त्रक्रिया तीच, सर्जनही तोच.

या दराला धक्का देणारी एक तरतूद विधेयकात होती. विमाबाजारात खासगी पॉलिसींबरोबर एक सरकारी पॉलिसीही ठेवायची. तिने मेडिकेअरच्या आसपासचे दर दिले असते तर खासगी कंपन्यांनाही रुग्णालयांकडून दर उतरवून घ्यावे लागले असते. ७ नोव्हेंबरला प्रतिनिधीगृहाने २२० विरुद्ध २१५ मतांनी मंजूर केलेल्या विधेयकात ही सरकारी पॉलिसी होती, पण तिचे दर मेडिकेअरला जोडण्याचं कलम आधीच गळालं होतं. दर सौद्याने ठरणार होते. सिनेटमध्ये तीही मारली गेली. तिथे अडवणूक मोडायला ६० मतं लागतात, डेमोक्रॅटांकडे बरोबर ६० होती, म्हणजे एकेका सदस्याच्या हातात सगळ्या देशाचं विधेयक. कनेक्टिकटचे जो लीबरमन म्हणाले, सरकारी पॉलिसी असेल तर मी नाही. त्यांच्या राज्याची राजधानी हार्टफर्ड ही विमा कंपन्यांची जुनी पेठ आहे. मग पंचावन्नच्या पुढच्यांना पैसे भरून मेडिकेअर घेऊ द्या अशी तडजोड पुढे आली, तीही त्यांनी मारली. २४ डिसेंबरच्या भल्या पहाटे, बाहेर बर्फ असताना, सिनेटने ६० विरुद्ध ३९ मतांनी उरलेलं विधेयक मंजूर केलं. ९२ वर्षांचे रॉबर्ट बर्ड व्हीलचेअरवरून मत द्यायला आले होते; ऑगस्टमध्ये गेलेल्या टेड केनेडींचं नाव घेऊन त्यांनी होकार दिला. केनेडींनी सगळी हयात या कायद्यासाठी घातली होती.

त्यांच्याच मॅसॅच्युसेट्समधली त्यांची जागा पोटनिवडणुकीत १९ जानेवारीला रिपब्लिकन पक्षाने जिंकली. साठावं मत गेलं. अनेकांनी विधेयक सोडून द्यायचा सल्ला दिला. प्रतिनिधीगृहाच्या तेव्हाच्या अध्यक्षा नॅन्सी पेलोसी यांनी तो मानला नाही. सिनेटचं विधेयक जसंच्या तसं प्रतिनिधीगृहात मांडलं आणि २१ मार्चच्या रात्री २१९ विरुद्ध २१२ मतांनी मंजूर करून घेतलं. ही चिकाटी नसती तर आजही मुरुमांवरून पॉलिसी रद्द झाल्या असत्या.

विरोधकांच्या प्रचारातला मोठा भाग निव्वळ खोटा होता. वृद्धांनी शेवटच्या आजारपणात काय उपचार हवेत, काय नकोत, याबद्दल डॉक्टरांशी बोलायचं ठरवलं तर त्या भेटीची फी मेडिकेअर देईल, एवढंच एक कलम होतं. २००८ मध्ये रिपब्लिकनांच्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवार असलेल्या सेरा पेलिन यांनी ऑगस्टमध्ये त्याला 'डेथ पॅनेल' ठरवलं, म्हणजे कोण जगायचं हे सरकारी बाबू ठरवणार. गावोगावच्या सभांत म्हातारी माणसं रडून-ओरडून खासदारांना जाब विचारू लागली, आणि ते साधं, माणुसकीचं कलम सिनेटच्या विधेयकातून गळालं. घरात मरणाबद्दल बोलणं सगळ्याच समाजांत अवघड असतं. ते बोलायला मदत करणारी तरतूद भीती घालून मारली गेली, याचा मला आजही राग आहे.

पण विरोधकांचं सगळंच खोटं नव्हतं, आणि कायद्याच्या पाठीराख्यांनी हे मान्य करायला पाहिजे होतं. एखादी वस्तू विकत घेतली नाही म्हणून सरकारने दंड करावा का, हा प्रश्न खरा आहे. सर्वोच्च न्यायालयानेही २०१२ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी ही सक्ती टिकवली ती दंडाला कर मानून, व्यापारावरच्या नियंत्रणाचा अधिकार म्हणून नव्हे. दुसरं, ओबामा वारंवार सांगत होते की तुमची पॉलिसी तुम्हाला आवडत असेल तर ती तुमच्याकडेच राहील. २०१३ च्या शरदात लाखो लोकांना पॉलिसी बंद होत असल्याची पत्रं आली. बऱ्याच पॉलिसी तकलादू होत्या हे खरं, पण शब्द दिला होता आणि तो मोडला. त्याच ऑक्टोबरात सरकारी वेबसाइट पहिल्याच दिवशी कोलमडली. आणि तिसरं, ज्याचं उत्पन्न सबसिडीच्या मर्यादेच्या जरासं वर होतं, असा पन्नाशीतला छोटा व्यावसायिक पूर्ण हप्ता भरत होता. त्याला कायद्याने आजाराच्या प्रश्नातून सोडवलं आणि किमतीच्या तोंडी दिलं. तो ओबामांवर चिडला तर त्याला अडाणी म्हणणं अन्यायाचं होतं.

तरीही कायदा टिकला. २०१० मध्ये विमा नसलेले साडेचार कोटींहून जास्त लोक होते, २०१६ पर्यंत ते तीन कोटींच्या खाली आले. न्यायालयाने मेडिकेडचा विस्तार राज्यांच्या मर्जीवर सोडला, आणि टेक्सास, फ्लोरिडासह दहा राज्यांनी तो अजून केलेला नाही. त्याचा परिणाम विचित्र आहे. अगदी गरीब माणूस मेडिकेडमध्ये जाईल असं धरून त्याला सबसिडी ठेवलेलीच नव्हती. म्हणून यांतल्या बहुतेक राज्यांत थोड्या बऱ्या स्थितीतल्याला विमा मिळतो आणि सर्वांत गरिबाला अनेकदा काहीच मिळत नाही. पण जिथे हा प्रश्न थेट मतदारांपुढे गेला तिथे काय झालं? आयडाहो, युटा, नेब्रास्का, ओक्लाहोमा, मिसुरी, साउथ डकोटा. सगळी ट्रम्प यांना भरभरून मतं देणारी राज्यं, आणि सगळीकडे मतदारांनी विस्ताराच्या बाजूने कौल दिला. २०१७ च्या २८ जुलैला मध्यरात्रीनंतर सिनेटमध्ये कायदा मोडण्याचा शेवटचा मोठा प्रयत्न झाला तेव्हा मेंदूच्या कर्करोगाचं निदान नुकतंच झालेले रिपब्लिकन सिनेटर जॉन मकेन सभागृहात आले आणि त्यांनी अंगठा खाली करून आपल्याच पक्षाचं विधेयक ४९ विरुद्ध ५१ मतांनी पाडलं. त्यांच्याबरोबर सुझन कॉलिन्स आणि लिसा मर्कोव्स्की याही ठाम राहिल्या होत्या. मिळालेला विमा परत घेणं किती अवघड असतं, हे तेव्हा दिसलं.

म्हणून लढाई आता सबसिडीवर सरकली आहे. २०२१ मध्ये वाढीव सबसिडी आल्यावर विमाबाजारातले लोक सुमारे १ कोटी २० लाखांवरून २०२५ पर्यंत २ कोटी ४० लाखांवर गेले. हे यश आहे. पण ही सबसिडी जाते कुठे? विमा कंपनीकडे, आणि तिच्याकडून रुग्णालयाकडे, जिथे दर कोणी विचारत नाही. दर वाढला की हप्ता वाढतो, हप्ता वाढला की सबसिडी वाढते, आणि दरवाढीची झळ रुग्णाला न बसता तिजोरीला बसते. रिपब्लिकन म्हणतात की सबसिडीमुळे खरी किंमत झाकली जाते. त्यांचं हे निदान मला बरोबर वाटतं. पण त्यांचा उपाय काय, तर सबसिडी काढून घ्या. म्हणजे किंमत तशीच, आणि तिच्यासमोर रुग्ण एकटा. त्यात ४ जुलै २०२५ रोजी सही झालेल्या कायद्याने मेडिकेडवर कामाच्या अटी घातल्या आणि इतर कपाती केल्या; अमेरिकी संसदेच्या, म्हणजे काँग्रेसच्याच अर्थसंकल्प कार्यालयाचा अंदाज आहे की त्याने २०३४ पर्यंत सुमारे एक कोटी माणसं विम्याबाहेर जातील. डेमोक्रॅट मात्र सबसिडी वाढवत राहण्यापलीकडे जात नाहीत, कारण दराला हात लावला की आपल्याच मतदारसंघातलं, गावातलं सर्वांत मोठं मालक असलेलं रुग्णालय विरोधात उभं राहतं.

दराला हात लावता येतो याचा एक पुरावा २०२२ चा आहे. त्या वर्षी ऑगस्टमध्ये सिनेटने उपाध्यक्षांच्या मतासह ५१ विरुद्ध ५० असा कायदा मंजूर केला आणि २००३ ची ती बंदी अंशतः उठली. मेडिकेअरला निवडक औषधांच्या किमती ठरवून घेता येऊ लागल्या. पहिल्या दहा औषधांच्या नव्या किमती १ जानेवारी २०२६ पासून लागू झाल्या. त्यात रक्त गोठू न देणारं एलिक्विस आहे, मधुमेहाची जानुव्हिया आहे, म्हणजे घराघरांत लागणारी औषधं. बंदी येऊन तोवर बावीस वर्षं उलटली होती. टॉझिन यांच्याशी समझोता झाला नसता तर हे २०१० मध्येच होऊ शकलं असतं, निदान त्यासाठी भांडता तरी आलं असतं.

दुसरा पुरावा त्याहून जुना आहे, आणि तो वॉशिंग्टनला लागून असलेल्या मेरीलँड राज्यात आहे. त्या राज्याने १९७१ मध्ये रुग्णालयांचे दर ठरवणारा आयोग नेमला. सत्तरच्या दशकापासून तिथे आयोग दर ठरवत आला आणि ते सगळ्यांना जवळपास सारखे राहिले: खासगी विमा कंपनीलाही, मेडिकेअरलाही, विमा नसलेल्यालाही. २०१४ पासून तर रुग्णालयांना वर्षाचं अंदाजपत्रकच ठरवून मिळू लागलं, म्हणजे जास्त तपासण्या करून जास्त कमावण्याचं कारण उरलं नाही. सरकारने दर ठरवले की चांगली रुग्णालयं बंद पडतील, चांगले डॉक्टर निघून जातील, ही भीती दर वेळी घातली जाते. जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय मेरीलँडमध्ये, बाल्टिमोरमध्ये आहे, आणि ते याच आयोगाच्या दरांवर चाललं आहे. सबसिडीवरून पुढचं शटडाऊन करण्याआधी डेमोक्रॅटांनी आपल्या विधेयकाच्या पहिल्या कलमात हा आयोग लिहावा, आणि मग ज्याला विरोध करायचाय त्याने उघड उभं राहून करावा.